कायद्याच्या लेखी सट्टा नाही, म्हणून धोका नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अर्थपानावर ‘स्पेक्युलेटिव्ह’ हा शब्द हल्ली वरचेवर दिसतो. कधी अर्थ निव्वळ अटकळ, कधी जोखमीचा व्यवहार. वाचक संदर्भाने भागवून नेतो. (सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात, अटकळी पचवण्यात आम्ही सीमावासीय तसे तरबेजच!) खरा घोळ होतो तो आयकर कायद्यातल्या तिसऱ्या अर्थाने.

मी निपाणीत विवरणपत्रे भरून देतो. परवा एक तरुण ब्रोकरचे स्टेटमेंट घेऊन आला. ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर केलेल्या करारांत, चांगलाच हात पोळलेला. ‘सट्टा कशाला खेळतोस रे?’ म्हटले, तर कागदावर बोट ठेवून म्हणतो, ‘काका, सट्टा न्हवं ओ, नॉन-स्पेक्युलेटिव्ह लिहिलंय की हितं!’

लिहिले होते ते बरोबरच. १९६१च्या कायद्यातले कलम ४३(५) बघते ते एवढेच, की माल किंवा शेअर प्रत्यक्ष ताब्यात आला की नुसता भावातला फरक मिटवला. म्हणून सकाळी शेअर घेऊन दुपारी विकून टाकणारा ‘स्पेक्युलेटिव्ह’. मान्यताप्राप्त बाजारातले फ्युचर्स-ऑप्शन्स मात्र २००५च्या वित्त कायद्याने त्यातून वगळले. सट्ट्याचा तोटा फक्त सट्ट्याच्या नफ्यातून वजा होतो आणि चारच वर्षे पुढे नेता येतो. ऑप्शन्सचा आठ वर्षे. शिक्क्याचा उपयोग या हिशेबापुरता. जोखीम किती, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. आमच्याकडे भाव चढेल या आशेवर तंबाखू वखारीत दाबून ठेवणाऱ्या व्यापाऱ्याची झोप उडालेली असते, पण माल ताब्यात आहे म्हटल्यावर कायदा त्यालाही सट्टेबाज म्हणत नाही.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये दिलेले आकडे बघा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. हे सगळे ‘नॉन-स्पेक्युलेटिव्ह’ बरे का!

तेव्हा विनंती अशी, की बातमीत अंदाज असेल तिथे सरळ ‘अटकळ’ छापा, पैसा पणाला लागत असेल तिथे ‘सट्टा’. कायद्यातला शब्द वापरायचाच झाला, तर तो फक्त कराच्या हिशेबापुरता आहे अशी एक ओळ खाली टाका. विवरणपत्रांचा हंगाम तोंडावर आहे. त्याआधी हे झाले तर बरे.

आपला,
एक करसल्लागार, निपाणी