कोंबडीखाद्याच्या गोणीत काय आहे, ते तपासून मिळू द्या

संपादक महोदय,

शिरूर तालुक्यात आमची लेअर (अंड्यांसाठीच्या कोंबड्यांची) पोल्ट्री आहे. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते आणि आमच्या खर्चातला निम्म्याहून बराच जास्त पैसा या खाद्यातच जातो. तरीही विकत घेतलेल्या गोणीवर छापलेल्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवण्यापलीकडे आमच्या हातात काही नाही.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आलेल्या मालाला कुबट वास होता, गोणीच्या तळाशी गठ्ठे होते. थोड्याच दिवसांत अंडी घटली, मरतूक सुरू झाली. डॉक्टरांनी मेलेला पक्षी फाडून दाखवला. यकृत फुगलेले, पिवळट आणि बोटाने दाबताच तुटेल इतके ठिसूळ होते. त्यांना अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची दाट शंका आली. विक्रेत्याने मात्र ‘तुमच्या गोदामात ओल असणार’ म्हणून हात झटकले. आमच्याकडे ना सीलबंद नमुना होता, ना तपासणीचा अहवाल. नुकसान आमच्याच माथी आले.

हे विष येते मुख्यतः मक्यातून. परतीच्या पावसात भिजलेला मका नीट न वाळवता साठवला, ओलावा १४ टक्क्यांच्या वर राहिला, की बुरशी धरते. नंतर कितीही ऊन दिले, दळले, दाबून गोळ्या (पेलेट) केल्या, तरी बुरशी मरते पण विष राहते. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे मेले, तेव्हा हे विष जगाला कळले. पक्षी दरवेळी मरतातच असे नाही. थोड्या विषाने प्रतिकारशक्ती खचते, लस देऊनही रोग येतो आणि दोष लसीवर किंवा शेतकऱ्यावर जातो. या विषाचा अंश अंड्यात आणि कलेजीतही उतरतो, त्यामुळे पुण्यातल्या ग्राहकानेही यात लक्ष घालायला हवे.

आता इथेनॉल कारखान्यांतला डीडीजीएस, म्हणजे धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा सुका चोथा, खाद्यात वाढतो आहे. स्वस्त प्रथिन म्हणून तो वाईट नाही. पण धान्यातला स्टार्च निघून गेल्यावर मूळ धान्यातले बुरशीचे विष उरलेल्या चोथ्यात जवळपास तिपटीने दाटते. तो लॉटमागे तपासला जातो का, हे विचारायचे कोणाला?

प्रथिनांचेही तसेच. प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजून प्रथिन काढतात, म्हणून युरिया मिसळला तरी कागदावर टक्केवारी भरते. कोंबडीला मात्र त्यातून लायसिन, मिथिओनिन ही प्रथिनांतली आवश्यक अमिनो आम्ले मिळत नाहीत. २००८ मध्ये चीनमधून हाँगकाँगला गेलेल्या अंड्यांत मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन सापडले, ते याच लबाडीपायी खाद्यात आले होते.

भारतीय मानक ब्युरोने कोंबडीखाद्यासाठी मानक ठरवले आहे. त्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे. हे मानक विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गोणीला बंधनकारक करा. बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि त्या बॅचचा तपासणी निकाल गोणीवर छापलाच पाहिजे. २०१९ मध्ये केंद्राने कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा पशुखाद्यातला वापर बंद केला, मग हे का होऊ नये? खत-बियाण्यांचे नमुने जसे निरीक्षक येऊन काढतात, तसे खाद्याचेही काढले जावेत. पशुसंवर्धन आयुक्तालय पुण्यात औंधमध्येच आहे. लहान पोल्ट्रीवाल्याला परवडेल अशा दरात खाद्यतपासणी आणि आठवड्याच्या आत अहवाल, एवढी सोय त्यांनी जिल्ह्यापासून सुरू करावी.

तोवर पोल्ट्रीवाल्या बांधवांनी पक्के बिल घ्यावे, त्यावर बॅच क्रमांक लिहून घ्यावा. विष गोणीत सगळीकडे सारखे पसरलेले नसते, त्यामुळे एका मुठीच्या नमुन्यावर जाऊ नका. अनेक गोण्यांतून, वरून-मधून-तळातून थोडे थोडे काढून एकत्र करा आणि विक्रेत्याच्या माणसासमोरच सही-शिक्क्यानिशी बंद करून कोरड्या जागी ठेवा.

– एक अंडी उत्पादक, ता. शिरूर, जि. पुणे