रद्दीवाले काका आणि वाचनालयातल्या ताई, आभार

मागच्या रविवारी साताऱ्यात राजवाड्याजवळ रद्दी घालायला गेले. काकांकडे सुट्टे नव्हते, म्हणून त्यांनी ढिगातलं एक बिनकव्हराचं पुस्तक पिशवीत टाकलं. "न्या ताई, वाचायला होईल."

घरी येऊन बघते तर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ सालची कादंबरी. नाव ऐकून होते. ग्रामीण म्हणजे पाटील नि तमाशा, असं समजून कधी हात लावला नव्हता. (माझाच शहाणपणा!) औंध संस्थानातली धनगरांची वाडी, पोरसवदा मास्तर, त्याला सांभाळून घेणारा म्हातारा कारभारी, सगळ्यांनी मिळून उभी केलेली तालीम. लेखक कुठंच गळा काढत नाही. पाऊस पडत नाही, मेंढरं जातात आणि माणसं मुकाट्यानं वाट धरतात. आमची आजी माण तालुक्यातली. दुष्काळाबद्दल ती असंच बोलायची, भाजी निवडता निवडता, खालच्या आवाजात. रात्री एक वाजता मी स्वयंपाकघरात बसून रडत होते.

आणि शेवटची पानंच गायब!

दुसऱ्या दिवशी वाचनालय बंद व्हायला दहा मिनिटं होती. मी सभासदही नाही. ताईंनी कपाटातली प्रत काढून दिली, पंखा लावला आणि कुलूप हातात धरून अर्धा तास थांबल्या. घाई करा म्हणाल्या नाहीत.

माझ्या प्रतीत कारभाऱ्याच्या वाक्यांखाली कुणीतरी पेन्सिलीनं बारीक रेघा ओढल्यात. त्यांचेही आभार. रेघा मी खोडलेल्या नाहीत.