पंगतीच्या दाराशी उभं राहायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं, आई कशी आहे?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात सर्व्हर सांभाळणारा माणूस बहुतेक वेळा एकटाच असतो. त्यांच्यापैकी कुणाला यातलं काही उपयोगी पडलं तर तुम्हालाही बरं वाटेल.

तो जूनमधला सोमवार होता, प्रवेशअर्जाचा पहिला दिवस. आदल्या वर्षी एकुलता एक सर्व्हर कोलमडला होता, म्हणून संस्थेने यंदा दुसरा घेऊन दिला होता. दोघांच्या पुढे मी एनजिनएक्स (विनंत्या सर्व्हरकडे वाटून देणारा प्रोग्राम) बसवलं आणि आलेल्या विनंत्या पाळीपाळीने दोघांकडे जातील असं केलं. सकाळी दहाला पोर्टल सुरू झालं आणि सव्वादहाला लॅबमधून हाका यायला लागल्या. मुलं लॉगिन करत होती आणि पुढच्याच क्लिकला पुन्हा लॉगिनचं पान समोर येत होतं. एक मुलगी अकराव्यांदा पासवर्ड टाकत होती. तिचे वडील झेरॉक्सची पिशवी छातीशी धरून मागे उभे होते. परतीची एसटी दीडची होती, आणि ते दर पाच मिनिटांनी मला फक्त "होईल ना?" एवढंच विचारत होते.

घाईघाईत मी आयपी हॅशची एक ओळ घातली, म्हणजे एका इंटरनेट पत्त्यावरून (आयपीवरून) येणारे सगळे कायम एकाच सर्व्हरकडे जातील. लॉगआउट होणं थांबलं. पण तासाभरात पहिला सर्व्हर गुदमरला. ५०२, ५०४, पुन्हा ५०२, म्हणजे मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर नाही किंवा वेळेत उत्तर नाही. दुसरा मात्र जवळजवळ रिकामा. तेव्हा तुम्हाला फोन केला.

तुमच्याकडे पाहुणे होते, मागे ताटं मांडल्याचा आवाज येत होता. मी पासवर्ड द्यायला लागलो तर तुम्ही थांबवलंत. "मला नको. कीबोर्डवर हात तुझेच राहू देत. आधी लॉग उघड आणि काय दिसतंय ते मोठ्याने वाच." त्या क्षणी मला ते कठोर वाटलं होतं, हे खरं सांगतो. आज माझं सगळ्यात मोठं ऋण त्याच वाक्याचं आहे.

ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या विनंत्यांच्या नोंदवहीत, प्रत्येक ओळीवर एकच पत्ता होता, आपल्याच प्रॉक्सीचा, म्हणजे पुढे उभ्या एनजिनएक्सचा. तुम्ही म्हणालात, "साहजिक आहे. ॲपला दार ठोठावणारा एकटा प्रॉक्सीच दिसतो. खरा पाहुणा कोण ते प्रॉक्सीने चिठ्ठीवर लिहून द्यायचं असतं." मग खऱ्या पाहुण्याचा पत्ता सांगणारं एक्स-फॉरवर्डेड-फॉर आणि मूळ होस्टचं नाव पुढे पाठवणाऱ्या ओळी माझ्याकडून लिहून घेतल्यात. त्यानंतर प्रॉक्सीच्या लॉगमधले पत्ते मोजायला लावलेत. निम्म्याहून जास्त विनंत्या एकाच पत्त्यावरून येत होत्या, आमच्याच लॅबच्या. साठ संगणक आणि बाहेर जायला एकच सार्वजनिक आयपी. बाकीच्यांतही मोबाइलवाले बरेच होते, आणि मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. त्यात एनजिनएक्सचं आयपी हॅश आयपीव्ही४ पत्त्यातल्या चार संख्यांपैकी पहिल्या तीनच बघतं, चौथी बघतच नाही, म्हणून शेजारचे पत्तेही एकत्रच जातात. हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग तुम्ही पंगतीचं उदाहरण दिलंत. तुमच्या मागे ताटं वाजत होती म्हणून सुचलं असेल, पण इतकं चपखल उदाहरण मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. लोड बॅलन्सर म्हणजे पंगतीच्या दारात उभं राहून "तुम्ही इकडे बसा, तुम्ही तिकडे" सांगणारा माणूस. पाळीपाळीने वाटताना आपलं काय चुकलं? पाहुण्याने पहिल्या वाढप्याला सांगितलं, मला भात नको. पुढच्या खेपेला दुसराच वाढपी आला, त्याला ते ठाऊकच नाही. लॉगिनचं सेशन, म्हणजे कोण आत आलंय याची नोंद, त्या-त्या सर्व्हरच्या मेमरीत होतं, म्हणून दुसरा सर्व्हर विचारायचा, तुम्ही कोण? आयपी हॅशने काय केलं? एका गावचं अख्खं वऱ्हाड एकाच ओळीत कोंबलं. "ओळीला दोष देऊ नकोस," तुम्ही म्हणालात, "वाढप्यांना सामायिक पाटी दे."

ती पाटी म्हणजे रेडिस, दोन्ही सर्व्हरना वाचता-लिहिता येईल असा सामायिक साठा. दुपारभर तुम्ही फोनवर होतात. सेशन रेडिसमध्ये गेलं, आयपी हॅश काढलं आणि ज्याच्याकडे चालू कनेक्शन कमी त्याच्याकडे पुढची विनंती, असा नियम लावला. मुलं अर्ज भरत असताना रीलोड करायला, म्हणजे एनजिनएक्सला बदललेली नियमांची फाइल नव्याने वाचायला लावायला, माझा हात धजत नव्हता. तुम्ही आधी कॉन्फिग तपासून घ्यायला लावलंत आणि मग समजावलंत, की रीलोडमध्ये नव्या विनंत्या एनजिनएक्सचे नवे वर्कर (काम करणाऱ्या प्रक्रिया) घेतात, जुने वर्कर हातातलं काम संपवूनच जातात. बसलेल्यांची ताटं कुणी उचलत नाही. सव्वाबाराला रीलोड केलं आणि एकही अर्ज तुटला नाही. फोटो चढवताना ४१३ हा त्रुटी क्रमांक येत होता, तो तर तुम्ही न बघताच ओळखलात. एनजिनएक्स मुळात एक मेगाबाइटपर्यंतचाच मजकूर आत घेतं, आणि मोबाइलवर काढलेला फोटो त्याहून सहज मोठा भरतो.

त्या मुलीचा अर्ज एक वाजायच्या आत गेला. वडिलांनी छापील पावती चार घड्या करून खिशात ठेवली. हे तुम्हाला तेव्हा सांगायचं राहून गेलं होतं.

रात्री मला वाटलं, झालं. तुम्ही म्हणालात, "अजून काहीच झालं नाही, आता एकेक पाडून बघ." एका सर्व्हरवरचं ॲप बंद केलं. दुसऱ्याने क्षणात काम उचललं, मी खूश. मग फायरवॉलमध्ये नियम घालायला लावलात, की प्रॉक्सीकडून आलेली डेटाची पाकिटं नाकारायची नाहीत, नुसती गिळून टाकायची. पान लटकलं, पूर्ण एक मिनिट. ॲप बंद पडलेला सर्व्हर निदान नकार देतो, मुका सर्व्हर काहीच बोलत नाही, आणि कनेक्शन जुळायची वाट बघण्याची मूळ मुदत ६० सेकंदांची असते. ती आम्ही तीनवर आणली. दोन्ही सर्व्हर एकाच खोलीत असताना तीन सेकंदही पुष्कळ.

फीबद्दलची तुमची ताकीद मी फाइलमध्ये मराठीतच टिपणी म्हणून लिहून ठेवली आहे. पोस्ट विनंती (अर्ज, फी असं काही पाठवणारी) एकदा सर्व्हरपर्यंत गेली आणि पुढे उत्तर आलं नाही, तर एनजिनएक्स ती आपण होऊन दुसऱ्या सर्व्हरला देत नाही. ती मुभा देणारा पर्याय आहे, पण तो कधीही घालायचा नाही. नाहीतर एका पोराची फी दोनदा कापली जाईल.

रात्री दीडच्या सुमाराला, लॉग शांत झाल्यावर, तुम्ही इगोर सिसोएव यांच्याबद्दल सांगितलंत. रशियात सर्व्हर सांभाळायची नोकरी करताना, एकाच यंत्राने दहा हजार कनेक्शन कशी पेलायची या प्रश्नाला भिडून त्यांनी एनजिनएक्स लिहायला घेतलं आणि २००४ साली सगळ्यांसाठी खुलं केलं. मी त्यांना कधी भेटणार नाही. तुमच्यापर्यंत मात्र पत्र पोचतं.

तुम्ही शेवटी विचारलं होतंत, "आणि दारातला माणूसच चक्कर येऊन पडला तर?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता दुसरा प्रॉक्सी उभा केलाय. दोघांवर नजर ठेवणारा कीपअलाइव्हडी हा प्रोग्राम चालू आहे, दोघांत एकच सामायिक आयपी आहे, आणि पहिला गप्प झाला की दुसरा तो पत्ता घेतो. रेडिसलाही असाच जोडीदार देणं अजून बाकी आहे, ते दिवाळीच्या सुट्टीत करतो.

येत्या रविवारी रात्री अकराला पहिला प्रॉक्सी मुद्दाम बंद करणार आहे. फोन करणार नाही, तुम्ही निवांत झोपा. सकाळी लॉग पाठवतो.

तुमचा,
सर्व्हर खोलीतला धाकटा भाऊ