आजोबांच्या गंजिफा

चि. ऋजुता हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी सावंतवाडीला मोती तलावाकाठी हस्तकलेचं प्रदर्शन होतं. बाबांचा गुडघा दुखतोय, म्हणून मी एकटीच कुडाळहून एसटीने गेले. निघताना आजोबांची गंजिफांची, म्हणजे त्या हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची पेटी पिशवीत घातली. का घातली ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

सूप-रोवळ्या, काथ्याच्या दोऱ्या, रंगीत लाकडी फळं, सगळं होतं. पिंगुळीच्या ठाकर मंडळींनी कळसूत्री बाहुल्या टांगल्या होत्या. आपल्या घरापासून पिंगुळी एवढी जवळ, त्या गावच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तरी चित्रं दाखवत गोष्ट सांगतात ती चित्रकथीची पोथी मी पहिल्यांदा हातात धरली ती परवा. याचं मला फार वाईट वाटलं. आता तू आलीस की आधी तिथेच जायचं.

पण माझा बहुतेक वेळ गेला तो कोपऱ्यातल्या एका चितारणीपाशी. तुझ्याच वयाची असेल. मांडी घालून बसलेली, डाव्या चिमटीत गोल पान, आणि उजव्या हाताने पेन्सिलीची रेघ न मारता थेट कुंचल्याने काठाची वेल काढत होती. पान फिरत होतं, हात जागच्या जागी. वेल जिथून सुरू झाली तिथेच बरोबर येऊन मिळाली. मी तीन पानं होईपर्यंत उभी होते, मग तिनेच स्टूल दिलं.

सासऱ्यांकडून शिकली म्हणाली. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पान करत, आता जाड कागद घेतात, तेही तिने सांगितलं. आणि १९७० च्या दशकात राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी हे काम पुन्हा उभं केलं, तेव्हा ते नीट येणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर गावात होते, म्हणून ते वाचलं. एका म्हाताऱ्या माणसाच्या हातात सगळी विद्या अडकली होती, हे ऐकून अंगावर काटा आला गो.

मग मी पेटी उघडली. दशावतारी डावात दहा अवतारांचे १० रंग, प्रत्येकाची १२ पानं, म्हणजे १२० हवीत. आपल्याकडे ११३ आहेत. तिने एकेक पान उजेडात धरून पाहिलं. मासा, कासव, कमंडलू, परशू. "काकी, चेहरा मी हुबेहूब करीन, पण पाठ नवी दिसेल. खेळताना लगेच ओळखू येईल. मग सगळ्याच पानांच्या पाठी पुन्हा रंगवाव्या लागतील." मी तिला विचारलं, कोण खेळणार आहे आता? ती म्हणाली, "खेळण्यासाठीच तर केलीत ना ही?" मला उत्तर सुचलं नाही.

मी या घरात आले तेव्हा आजोबा पावसाळ्यात शेजारच्या दोघांना घेऊन बसत. तिघांत ४०-४० पानं. रात्रीचा डाव, म्हणून ज्याच्याकडे कृष्णाचा राजा येई त्याची उतारी. दिवसा रामाची. पाच रंगांत दश्शी मोठी आणि पाच रंगांत एक्का मोठा, हे मला कधी लक्षात राहिलं नाही, आणि आजोबा असेपर्यंत मी शिकूनही घेतलं नाही. तेव्हा वाटे, हे कायम चालणारच आहे.

तर मी तिला पेटी दिली आहे. पाठीसकट सगळं करायचं. महिना-दीड महिना लागेल.

गळालेल्या सातांत रामाचा राजा आहे. तू सहावीत असताना ते पान कंपासपेटीत ठेवायचीस, आजोबांनी मुद्दाम तुला दिलं होतं. ती पेटी तू पुण्याला नेलीस ना? बघ. सापडलं तर नवीन सहाच करायला सांगते. पाकिटात घालून पाठवू नकोस, वाकेल. येताना वहीत ठेवून आण.

तुझी,
आई