शिशाचे तुकडे

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

इथं अमेरिकेत सकाळचे सात वाजलेत, म्हणजे तिकडं संध्याकाळचे साडेपाच. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाची गर्दी झाली असेल आणि बाबा, तुम्ही घड्याळ बघत टीव्हीसमोर बसला असाल. आज पहिला दिवस, मावळतीची किरणं देवीच्या पायांवर. उद्या कमरेपर्यंत, परवा मुखावर. महाद्वार रोडच्या बाजूनं यंदा कुणाची टाकी नाहीतर पत्रा आडवा आला का, ते कळवा. आणि देवळात जायचा हट्ट केला नाहीत ना? गुडघ्याचं काय चाललंय ते दादाकडनं कळतं मला.

काल आमच्याकडं केक कापला. ८ नोव्हेंबर १८९५, रॉंटगेनला क्ष-किरण सापडले तो दिवस. तुम्ही खंडेनवमीला क्लिनिकातल्या एक्स-रे मशीनला झेंडूचा हार घालायचात, ते मला जास्त आवडायचं. केकवर कवटीचं चित्र होतं आणि प्रमुख म्हणून सुरी माझ्या हातात.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. फोनवर हे बोलता आलं नसतं. आई फोन असा धरते की मला निम्मा वेळ छताचा पंखा दिसतो. बाबा, तुमचं कानातलं यंत्र कपाटात असतं आणि अडचणीचं काही निघालं की तुमचं "बरं बरं, आईशी बोल" ठरलेलं. म्हणून दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून तुमच्या हातात दे. त्यानं आधी वाचलं तरी चालेल, फक्त तुम्हाला थोडक्यात सांगत बसू नये.

दिवाळीआधी माळा झाडताना ती पत्र्याची ट्रंक निघाली. दादानं फोटो पाठवला होता. तुम्ही व्हिडिओवर त्यातला एक तुकडा हातात धरून मला विचारलंत, "तुझ्या दवाखान्यात लागतील का गं? पुढच्या वेळी आलीस की घेऊन जा. असं शिसं आता मिळत नाही." मी म्हणाले, "हो बाबा, नेते की."

ते खोटं होतं. आमच्याकडं ते लागत नाहीत. चार वर्षं झाली, वापरणंच बंद केलंय आणि बंद करायच्या कागदावर सही करणाऱ्यांत मी होते.

ते तुकडे मला डोळे मिटून काढता येतील. एक मिलिमीटरचा शिशाचा पत्रा तुम्ही कुठून तरी मिळवला होतात आणि आपल्या स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवून कातरीनं कापला होतात. पिंपळाच्या पानाचा आकार, तीन मापं. आईनं त्यांना खोळी शिवल्या, माझ्या परकराच्या उरलेल्या खणाच्या, आणि कोपऱ्यात लाल दोऱ्यानं १, २, ३ असे आकडे घातले. राजारामपुरीतल्या क्लिनिकात लहान पोराचा कमरेचा, मांडीचा फोटो असला की तुम्ही मापाचा तुकडा शोधून त्याच्या ओटीपोटावर ठेवायचात, जननग्रंथींना किरण लागू नयेत म्हणून. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं नव्हतं, पगारात त्याचे पैसे नव्हते. शाळा सुटल्यावर मी डार्करूमच्या दाराशी बसायची. लाल दिवा, फिल्म धुवायच्या हायपोचा वास, क्लिपांना लटकून गळणाऱ्या फिल्म. हुपरीचा माणूस वापरलेला हायपो न्यायला यायचा, त्यातली चांदी काढायला, आणि तुम्ही त्याच्याशी पाच रुपयांवरनं भांडायचात.

आता आईसाठी थोडं, कारण ती दर वेळी विचारते की हेड झालीस म्हणजे नक्की काय करतेस. बाबा रंकाळ्यावर मित्रांना सांगतात तेवढं खरं आहे, "मोठ्या दवाखान्यात एक्स-रेची हेड." मार्चपासून लहान मुलांच्या रेडिओलॉजीची डिव्हिजन माझ्याकडं आहे. पण पूर्वी दिवसाला जेवढे फोटो वाचायची त्याच्या निम्मेही आता होत नाहीत. सकाळी साडेसातला उभ्या उभ्या दहा मिनिटांची बैठक: रात्री काय झालं, कुठलं मशीन बंद आहे, भूल द्यायची मुलं किती. मग ड्यूट्या. ख्रिसमसची रात्र कोण करणार हा प्रश्न आपल्याकडच्या लग्नातल्या मानपानाहून नाजूक. दोन जागा रिकाम्या आहेत. मुलांच्या रेडिओलॉजीसाठी एक वर्ष जादा शिकायचं आणि मोठ्यांचे स्कॅन वाचणाऱ्यापेक्षा बहुधा कमी पैसे घ्यायचे, कोण येणार? वरच्या मंडळींना रिपोर्ट लवकर हवा, शिकणाऱ्या पोरांना मी शेजारी बसून शिकवायला हवी. ही दोन्ही कामं एका खुर्चीत बसून होत नाहीत, हे बजेटच्या तक्त्यात लिहायला कुठं रकानाच नाही.

त्यातल्या त्यात शिकवायचा तास मी सोडत नाही. परवा एका शिकाऊ डॉक्टरनं तान्ह्या बाळाच्या छातीत गाठ आहे म्हणून लिहून टाकलं. गाठ कसली, थायमस होती. बाळपणी ती ग्रंथी मोठीच असते, फोटोत होडीच्या शिडासारखी बाजूला पसरलेली दिसते, पुढं आपोआप आक्रसते. गेल्या शतकात याच ग्रंथीला घाबरून, ती 'वाढली आहे' असं समजून, हजारो बाळांच्या छातीवर किरणोपचार केले गेले. पुढं त्यांतल्या काहींना थायरॉइडचा कॅन्सर झाला. करणारे सगळे भले डॉक्टर होते. जॉन कॅफी, न्यूयॉर्कचा, आमच्या शाखेचा मूळपुरुष म्हणतात त्याला, त्यानं या थायमसच्या भीतीविरुद्ध लिहिलं होतं. ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते. सांगताना दरवेळी माझ्या डोळ्यांपुढं ती ट्रंक येते, ते मात्र सांगत नाही.

आई, तुझी एक विद्या इथं रोज चालते. तान्ह्या बाळाचा एमआरआय करायचा तर ते अर्धा-पाऊण तास हलून चालत नाही आणि भूल तर शक्यतो द्यायची नसते. मग बाळाला भूक लागेपर्यंत थांबायचं, मशीनच्या दारात पोटभर पाजायचं, कानांत बोळे घालायचे आणि घट्ट गुंडाळायचं. गच्च पोट, गच्च दुपटं, बाळ गाढ झोपतं. वर मशीन लोहाराच्या घणासारखं धडाडत असतं तरी. इथं त्यासाठी हवा काढली की आवळून बसणारी खास गादी आहे. नर्स नवी असली की तीसुद्धा सैल पडते आणि बाळाचा एक हात बाहेर. तू दादाच्या पोरीला गुंडाळायचीस तसं एकदा यांना दाखवायला हवं, पदराचा एक झटका आणि झालं.

एक गोष्ट मात्र मला अजून अवघड जाते. आम्ही पोटातल्या बाळांचे स्कॅनही वाचतो आणि इथं मुलगा की मुलगी हे आईला हसत हसत सांगतात. माझी जीभ अडते. मी रेडिओलॉजी घेतली तेव्हा आत्यानं काय विचारलं होतं, आठवतं ना? "म्हणजे तुला आतलं कळणार तर." २००१ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या, सहा वर्षांखालच्या. मुलगा की मुलगी ते सांगायला बंदी करणारा कायदा १९९४ चा. इथं तो नाही, इथं त्याची गरजही नाही, तरी ते वाक्य बोलायची वेळ आली की मी सहकाऱ्याकडं बघते.

असो. मूळ मुद्द्यावर येते, टाळत होते ते कळलंच असेल.

२०२१ ची गोष्ट. दोन वर्षांची मुलगी, जन्मतःच निखळलेला मांडीचा सांधा, ऑपरेशन झालेलं, तपासणीला आली होती. एक फोटो हवा होता. आमच्या जुन्या तंत्रज्ञ बाईंनी नियमाप्रमाणं शिल्ड, म्हणजे तुमच्या पानासारखंच शिशाचं झाकण, ठेवलं. मुलगी हलली, शिल्ड सरकलं आणि नेमका तोच सांधा पांढऱ्या पट्ट्याखाली झाकला गेला. पुन्हा घेतला. तोवर मुलगी रडून आडवी, शिल्ड पुन्हा जागेवर नाही. तिसरा शिल्डशिवाय घेतला, तो चांगला आला. एक लागत होता तिथं तीन झाले, आणि पहिले दोन तिला वाचवण्याच्या नादात वाया गेले. मी ते तिन्ही पडद्यावर शेजारी शेजारी लावून बघत बसले. तेव्हा तुमचंच वाक्य कानात आलं, बाबा. "पोराला एकदाच."

मी काही एकटीच्या डोक्यानं केलं नाही. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं होतं की शिल्ड ठेवणं थांबवा. जानेवारी २०२१ मध्ये इथल्या राष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण परिषदेनंही तेच म्हटलं. पण मोठ्या नावांनी तुम्ही गप्प बसणारे नाही, म्हणून कारणं लिहिते.

हे शिशाचं प्रकरण सुरू झालं १९५० च्या दशकात. तेव्हाच्या मानानं आज कमरेच्या फोटोत आतल्या अवयवांना पोचणारे किरण ९५ टक्क्यांहून जास्त घटलेत. शिवाय भीती होती ती पुढच्या पिढीची. हिरोशिमा-नागासाकीतनं वाचलेल्यांची मुलं इतकी वर्षं तपासली, त्यांच्यात आनुवंशिक दोष वाढलेले दिसले नाहीत. १९७७ मध्ये किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं, सगळ्या शरीराचा धोका १ धरला तर, जननग्रंथींच्या धोक्याला ०.२५ इतकं वजन दिलं होतं, २००७ मध्ये ते ०.०८ वर आणलं. मुलींमध्ये तर अंडाशय नक्की कुठं असतात ते बाहेरून कळतच नाही. आपण पान ठेवायचो मधोमध, ते असायचे भलतीकडंच.

आणि हे शेवटचं तुम्हाला लगेच पटेल. तुम्ही पोराची जाडी हातानं चाचपून केव्ही आणि एमएएस, म्हणजे किरणांचा जोर आणि मात्रा, ठरवायचात. आता बऱ्याच फोटोंत मशीन स्वतःच मोजतं, पुरेसे किरण पलीकडं पोचले की बंद होतं. त्या मोजणाऱ्या जागेवर शिसं आलं की त्याला वाटतं अजून पोचलेच नाहीत, आणि ते सोडतच राहतं. म्हणजे आपण पान ठेवायचं आणि त्यामुळंच पोराला जास्त किरण. क्लिनिकातलं तुमचं मशीन असं नव्हतं. तिथं त्या पानानं असं जादा काही झालं नसणार, हे मी तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही.

सही केल्यावर त्या तंत्रज्ञ बाई माझ्या केबिनमध्ये आल्या. दार लावून म्हणाल्या, "तीस वर्षं मी आयांना सांगत आले की हे ठेवलंय, काळजी करू नका. आता काय सांगू, काळजी करू नका म्हणून ठेवत नाही?" मला उत्तर सुचलं नाही. दोन महिने त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. तुम्ही त्यांच्या जागी असता तर तेवढंही बोलला नसतात. आया तर अजून विचारतात, "माझ्या वेळी ठेवायचे, माझ्या मुलीला का नाही?" त्यांना समजावायला जो वेळ लागतो तो रिपोर्ट उशिरा गेल्याच्या हिशेबात धरला जातो, ही माझी नव्या खुर्चीतली भांडणं.

पण एक सांगायचंच राहिलं. तुमची ती खिडकी. टेबलावर पडणारा उजेडाचा चौकोन तुम्ही आत आत घ्यायचात, आणि कुणी नवा मुलगा तो मोकळा सोडून फोटो काढायला लागला की विचारायचात, "ह्यो छातीचा फोटो हाय का घरच्यांचा ग्रुप फोटो?" आमच्याकडं बाळाच्या छातीचा फोटो मागितला आणि त्यात हनुवटीपासनं गुडघ्यापर्यंत सगळं आलं तर त्याला चेष्टेनं 'बेबीग्राम' म्हणतात. शिल्ड गेलं, आणि आता सगळा जोर त्या खिडकीवर आहे. जेवढं बघायचंय तेवढंच उघडायचं. दर महिन्याला आम्ही आधी काढलेले फोटो तपासतो, कुणाची खिडकी किती मोठी राहिली ते. आणि रडणाऱ्या बाळाचा फोटो घेताना बटण हुंदका आत ओढताना दाबायचं, तुम्ही तोंडानं "आत... आत... हां" करायचात, ते मी नव्या तंत्रज्ञांना मराठीतच करून दाखवते. त्यांना वाटतं हा काहीतरी योगाचा प्रकार आहे.

तर ट्रंकेचं. क्लिनिकात अजून कुणी वापरत असेल तर द्यायचे का ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर नको. पोरांच्या हाताला लागतील असे ठेवू नका, उगाच भंगारातही टाकू नका, दादा विचारून बघेल कुठं द्यायचे ते. खोळी मात्र आईनं उसवून वेगळ्या काढाव्यात. आई, उसवताना हातमोजे घाल आणि नंतर साबणानं हात धू. तेव्हा कट्ट्यावर शिसं कापून आपण तिथंच भाकरी थापली होती, आठवलं की आता माझ्या पोटात गोळा येतो. खोळी धुऊन झाल्या की २ नंबरची मला पाठवा. तेवढी हवी आहे.

बाबा, रागावला असाल तर दोन दिवस रागवा. परवा मुखावर किरणं आली की फोन करा. कानातलं यंत्र लावून.

तुमची,
धाकटी