कोजागिरीच्या संध्याकाळचे आकडे पाठवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुम्ही पुण्याला, आम्ही इकडे यवतमाळच्या दारव्हा तालुक्यात. अजून भेट नाही, तरी आमच्या नववीच्या पोरी तुमचा विषय निघाला की "आपल्या ताई" म्हणतात. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय.

मी एवढंच विचारलं होतं, की गॅमा किरणांचा स्फोट, म्हणजे दूरच्या अवकाशातून अचानक येणारा गॅमा किरणांचा लोट, मुलींना कसा समजावू? एखादा व्हिडिओ पाठवून तुम्ही मोकळ्या झाला असतात, तरी कोणी नाव ठेवलं नसतं. तुम्ही फर्मी या अवकाश दुर्बिणीने टिपलेले, कोणत्या क्षणी किती गॅमा किरण आले याचे खरे आकडे पाठवलेत, ९ ऑक्टोबर २०२२ चे, आजवर नोंदलेल्या सर्वांत तेजस्वी स्फोटाचे. सोबत निरोप, "आलेख मुलींनाच काढू द्या सर, त्यात काय दिसतं ते मी आधी सांगणार नाही."

आधी एक बारका उंचवटा आला. मग तीनेक मिनिटं जवळजवळ सामसूम. आणि मग रेघ अशी चढत गेली, की आलेखाच्या कागदाला वर दुसरा कागद चिकटवावा लागला. शिखराजवळचे आकडे तुम्ही लाल करून ठेवले होते, यांच्यावर भरवसा ठेवू नका म्हणून. का नाही ठेवायचा, यावर वर्गात चांगलाच वाद झाला. शेवटी मागच्या बाकावरची एक पोरगी बोलली, "सर, पायली भरून सांडली, तं किती सांडलं हे पायलीले कसं समजन?" स्फोट इतका प्रखर होता, की फर्मीच्या उपकरणाची मोजण्याची ताकदच संपली होती. फोनवर तुम्ही ते समजावत बसला नाहीत, तिलाच तिचं वाक्य सगळ्या वर्गाला पुन्हा ऐकवायला लावलंत. एरवी ही पोरगी वर्गात तोंड उघडत नाही. ताई, याचे आभार कसे मानू?

मग स्फोटाची वेळ काढली. भारतात संध्याकाळचे ६:४७, आणि दिवस कोजागिरीचा! तारकानकाशावर तुम्ही दाखवलंत, की श्रवण ताऱ्याच्या उत्तरेला, शर तारकासमूहातली ती जागा तेव्हा यवतमाळकरांच्या जवळजवळ डोक्यावर होती, जराशी पश्चिमेला. इकडे तेव्हा सोयाबीनची सोंगणी चालू असते, सगळं गाव शेतात. "मंग आमाले काहून नाही दिसलं?" हा प्रश्न येणारच होता. गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि वातावरण त्यांना वरच शोषून घेतं. म्हणून तर दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. पण वरच्या आयनांबराला, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थराला, त्या दिवशी खरोखर धक्का बसला आणि भारतातल्या आकाशातली वीज टिपणाऱ्या यंत्रांनीही त्याची नोंद केली, हे कळलं तेव्हा वर्गात कुणी जागेवर बसायला तयार नव्हतं. तो प्रकाश सुमारे १९० कोटी वर्षं प्रवास करून आला होता. एक अवाढव्य तारा कोसळला, त्याचा.

२०१५ साली श्रीहरिकोटाहून गेलेल्या आपल्या अॅस्ट्रोसॅट या अवकाश दुर्बिणीनेही हाच स्फोट टिपला, याचा पोरींना केवढा अभिमान!

आलेखाची प्रत पोस्टाने पाठवली आहे. आता त्यांना १७ ऑगस्ट २०१७ चा, दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे अतिशय घट्ट गाभे, एकमेकांवर आदळले तेव्हाचा, जेमतेम दोन सेकंदांचा स्फोट काढायचा आहे. त्याचे आकडे पाठवाल ना?

तुमचा,
विज्ञानाचा सर