सायली, कोचच्या नोकरीला हो म्हणण्याआधी एवढं वाच

सातारा

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू जे बोललीस ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज रात्री जेवण झाल्यावर निवांत टाईप करायला बसलोय. लांबलं तरी पूर्ण वाच. आईला वाटतंय मी तुझ्या नोकरीला नाही म्हणतोय, तसं काही नाही. तू घोड्यात करिअर करतीयस याचा मला जेवढा आनंद आहे तेवढा घरात कुणालाच नसेल.

तू म्हणालीस की पुण्यातल्या त्या क्लबवाल्यांनी तुझं रायडिंग बघितलं आणि लगेच शनिवार-रविवारची लहान मुलांची बॅच देतो म्हणाले, सर्टिफिकेट वगैरे काही विचारलं नाही. आणि मग तू म्हणालीस, पप्पा कायद्यानं लागतच नाही तर कोर्सला एवढे पैसे आणि वेळ कशाला घालवायचा. तुझं म्हणणं खरंच आहे. आपल्या देशात घोडेस्वारी शिकवायला सरकारी लायसन्स लागत नाही. रिक्षावाल्याला बॅज लागतो, पण चारशे-साडेचारशे किलोच्या जनावरावर दुसऱ्याचं आठ वर्षांचं लेकरू बसवून फी घ्यायला कोण काही विचारत नाही. मला यात सोय दिसत नाही, मला यात भीती वाटते. कारण उद्या काही झालं तर विचारणारे सगळे येतील, पालक येतील, पोलीस येतील, आणि तेव्हा तुझ्या हातात दाखवायला काय असेल? मला घोडं येतंय, एवढंच?

बाहेरच्या देशात काय आहे ते मी मुद्दाम बघितलं, कारण तुला तिकडं जायचंय हे मला माहितीये. फ्रान्समध्ये पगार घेऊन शिकवायचं असेल तर सरकारमान्य डिप्लोमा लागतोच, आणि त्यावर सरकारी प्रोफेशनल कार्ड घ्यावं लागतं, ते पाच वर्षांनी रिन्यू करायचं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत असं काही नाही, पण मॅसॅच्युसेट्स राज्यात रायडिंग इन्स्ट्रक्टरला राज्याचं लायसन्स लागतं, त्याच्या आधी लायसन्सवाल्या इन्स्ट्रक्टरच्या हाताखाली सहा महिने उमेदवारी करायची आणि मग लेखी परीक्षा द्यायची. इंग्लंडचं वेगळंच आहे, तिथं कोचला कायद्यानं लायसन्स नाही, पण घोडे भाड्यानं देणाऱ्या किंवा रायडिंग स्कूल चालवणाऱ्या जागेला २०१८ च्या नियमांप्रमाणे तिथल्या कौन्सिलचं लायसन्स लागतं, इन्स्पेक्टर येऊन पागा बघतो, घोड्यांची तब्येत बघतो, एकपासून पाचपर्यंत स्टार देतो. आणि कोचचं काम ब्रिटिश हॉर्स सोसायटी बघते, १९४७ पासूनची संस्था आहे, त्यांच्या स्टेज असतात, एकेक परीक्षा देत वर चढायचं. नुसती परीक्षा पास होऊन पण भागत नाही. त्यांच्या मान्यताप्राप्त कोचच्या यादीत नाव ठेवायचं तर फर्स्ट एड, मुलांच्या सुरक्षेचं ट्रेनिंग, पोलिसांकडचं चारित्र्याचं चेकिंग आणि इन्शुरन्स, हे सगळं चालू असावं लागतं, एक जरी संपलं तरी नाव गेलं. मला ही पद्धत सगळ्यात आवडली. एकदा पास झालो की जन्मभर कोच, असं तिथं नाही.

आता तू म्हणशील पप्पा तो इंग्लंडचा विषय, आपण साताऱ्याचे. तर मग आपल्याकडचं ऐक.

मेरठला आर्मीच्या आरव्हीसीच्या, म्हणजे घोडे-जनावरं सांभाळणाऱ्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरच्या सेंटरला मी इक्विटेशनच्या, म्हणजे घोडेस्वारीच्या कोर्सला गेलो तेव्हा मला पण वाटायचं आपल्याला घोडं येतंय, लहानपणापासून येतंय. तिथल्या उस्तादांनी पहिल्याच दिवसांत आम्हाला खाली उतरवलं आणि लंजिंगची, म्हणजे घोडा गोल फिरवायची लांब दोरी हातात दिली. म्हणाले आता बसणाऱ्याकडं बघ आणि काय दिसतंय ते बोल. तेव्हा कळलं की स्वतः बसताना आपलं शरीर आपोआप सगळं करतं, आणि जे आपोआप होतं ते दुसऱ्याला सांगताच येत नाही. तू पण अशीच आहेस. तू दुडक्या चालीत कशी उठतेस-बसतेस हे तुला विचारलं तर तू म्हणशील 'असंच'. आठ वर्षांच्या पोराला 'असंच' सांगून चालत नाही गं.

एक प्रसंग डोळ्यापुढं आण. नवीन पोरगं आहे, घोडा चालीतून दुडक्यात गेला. पोरगं घाबरलं की सगळ्यात आधी गुडघे आवळतं, टाच वर येते, रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, पायातून सुटायला लागते नाहीतर पाय रिकिबीत आत सरकतो, मग ते पुढं वाकतं आणि तोल सांभाळायला लगामालाच लटकतं. घोड्याला वरून टाचेचा दाब कळतोय पुढं चल म्हणून, आणि तोंडात ओढ कळतेय थांब म्हणून. गरीब घोडा असला तर तो डोकं झटकतो, तापट असला तर सुटतो. हे सगळं चार-पाच सेकंदांत होतं. कोच जर घोड्याच्या कानाकडं आणि पोराच्या टाचेकडं बघत असेल तर त्याला पहिल्याच सेकंदाला कळतं, तो शांत आवाजात घोड्याला चालीवर आणतो आणि पोराला म्हणतो श्वास सोड, आयाळ धर. आणि कोच जर मोबाईलवर त्याच पोराचा व्हिडिओ काढत असेल पालकांना पाठवायला, तर त्याला पोरगं खाली पडल्यावरच कळतं. हे बघायचं कसं ते शिकवतात कोर्समध्ये. परीक्षेत पण तेच बघतात. परीक्षक तुला अनोळखी घोडे आणि अनोळखी पोरं देतो, तू आधी तंग, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा, तपासलास का, रिकिबीची लांबी बघितलीस का, पोराला आधी कधी बसलायस, कधी पडलायस हे विचारलंस का, ठरवलेला धडा पोराला झेपेना म्हटल्यावर तू तो बदललास का. तू स्वतः उडी किती उंच मारतेस हे त्या टेबलावर फार कमी मोजतात.

आणि तंगाचं एक सांगतो, हे कुठल्याही कोर्समध्ये जा, पहिल्या दिवशी सांगतील. खोगीर चढवताना घोडा पोट फुगवतो, तंग घट्ट बसल्यासारखा वाटतो, पाच मिनिटं चालवला की सैल होतो. म्हणून चढायच्या आधी एकदा आणि थोडं चालवून झाल्यावर परत एकदा बोटं घालून बघायचं. घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दारानं बांधलाय म्हणून सोडायचं नाही. तू बघतेस हे मला माहितीये, पण दहा पोरांच्या बॅचमध्ये, पालक बाजूला उभे, पुढची बॅच येऊन थांबलेली, तेव्हा बघशील का? पद्धत अंगात मुरलेली असेल तरच बघशील, आणि ती मुरायला कुणीतरी डोक्यावर उभं राहून वर्षभर करून घ्यावं लागतं.

आपल्या भागात घोडा नवीन नाही. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायला तुला खांद्यावर घेऊन गेलो होतो, माऊलींचा अश्व धावला आणि तू टाळ्या पिटत रडायला लागलीस, आई घाबरली होती काय झालं म्हणून. पाचगणीला टेबल लँडवर किती पिढ्या घोड्यांवर पोट भरतायत. आपल्या सैनिक स्कूलमध्ये १९६१ पासून मुलं घडतायत. घोडा ओळखणारी माणसं आपल्याकडं भरपूर आहेत, मी त्यांच्याकडूनच शिकलो, एखाद्या म्हाताऱ्या मोतद्दाराला घोड्याच्या उभं राहण्यावरून कळतं की पोटात दुखतंय. पण शिकवणारी माणसं, म्हणजे पद्धतशीर, पायरी-पायरीनं शिकवणारी, ती कमी आहेत. २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्सला आपल्या ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमक्या करून घ्यायच्या प्रकारातल्या टीमनं सोनं आणलं, सुदीप्ती, दिव्यकृती, हृदय आणि अनुष, ४१ वर्षांनी घोडेस्वारीत सोनं आलं, त्याआधीचं १९८२ चं दिल्लीचं. आपण घरात मिठाई वाटली होती. पण ती चौघं पोरं तयारीसाठी युरोपात जाऊन राहिली होती, घरापासून लांब. सगळ्यांच्या आईबापाला ते परवडतंय का? इथं साताऱ्यात, सांगलीत, कोल्हापुरात नीट शिकलेला कोच असला तर एखाद्या शेतकऱ्याचं पोरगं पण कुठंतरी पोचेल. तो कोच तू व्हावंस असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच अर्धवट होऊ नकोस.

आता काय करायचं ते. नोकरी घे, पण कोच म्हणून घेऊ नको, असिस्टंट म्हणून घे. क्लबमध्ये जो कुणी अनुभवी इन्स्ट्रक्टर आहे त्याच्या बॅचला उभी राहा, पगार कमी देतील तर देऊ दे. त्याच काळात फर्स्ट एडचा कोर्स करून टाक, हे सगळ्यात आधी, यात चालढकल नको. पोरगं डोक्यावर पडलं तर त्याला उचलून बसवायचं नाही, मानेला धक्का द्यायचा नाही, डोक्याला मार लागल्याची शंका असेल तर त्या दिवशी परत घोड्यावर चढवायचं नाही, पालक कितीही म्हणाले आमचा मुलगा स्ट्राँग आहे तरी नाही. आणि हेल्मेट घोडेस्वारीचंच पाहिजे, सायकलचं चालत नाही, एकदा जोरात आपटलं की बाहेरून तडा दिसो न दिसो ते बाद.

मग पुढचं सर्टिफिकेट. तुला स्पर्धेतले रायडर घडवायचे असतील तर इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाशी संबंध ठेव. जागतिक संघटना जी आहे एफईआय, १९२१ ची, स्वित्झर्लंडमध्ये लोझानला ऑफिस आहे, तिचे कोचेसचे कोर्स लेव्हल एकपासून तीनपर्यंत असतात आणि ते त्या त्या देशाच्या फेडरेशनमार्फत होतात, आपण थेट जाऊन पैसे भरले असं नाही. त्यामुळं नाव फेडरेशनच्या नजरेत असावं लागतं, स्पर्धेला जाणं, ऑफिशियल म्हणून मदत करणं, हे सगळं कामाला येतं. आणि बाहेर जाऊन नोकरी करायची असेल तर ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या स्टेज एकपासून सुरू कर. त्यात पहिल्यांदा घोड्याची निगाच जास्त आहे, चंदी, पाणी, खूर, नाल, खरारा. तुला ते सोपं जाईल असं समजू नको. घोड्याला उलटी होत नाही, चुकीचं खाल्लं तर ते बाहेर काढायचा मार्गच नाही त्याला, म्हणून पोटशूळ एवढा जिवावर उठतो, हे 'का' विचारतात तिथं.

इंटरनेटवर दोन दिवसांत 'इंटरनॅशनल सर्टिफाईड कोच' करून देणारे भेटतील, छान सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट देतील. त्याला एकच प्रश्न विचार, माझी परीक्षा घोड्यावर आणि शिकणाऱ्या पोरांबरोबर कोण घेणार? उत्तर आलं नाही तर फोन ठेवून दे.

क्लबचं जे ऑफर लेटर आहे त्यावर अजून सही करू नको, आधी मला फोटो पाठव. इन्शुरन्स कुणाचा आहे, त्यात शिकणारा मुलगा, कोच आणि तिसरा कुणी, असे सगळे येतात का, हे लेखी पाहिजे. पालकांकडून फॉर्मवर सही घेतात की आम्ही जबाबदार नाही म्हणून, त्यावर विसंबून राहू नको. निष्काळजीपणा झाला असेल तर तो कागद कुणाला वाचवत नाही, आणि तुझं नाव त्या दिवशीच्या रजिस्टरमध्ये असतं. अजून एक, हे बापानं मुलीला लिहायला अवघड आहे पण लिहितो. लहान मुलांबरोबर काम आहे. घोड्यावर बसवताना हात लावावाच लागतो, तर आधी पोराला सांगून, सगळ्यांच्या समोर, आणि कुठल्याही पोराला एकटं पागेत घेऊन जायचं नाही. आणि दुसऱ्या कुणाचं वागणं खटकलं तर गप्प बसायचं नाही, पोक्सो कायदा २०१२ चा आहे, त्यात माहिती असून पोलिसांना न कळवणं हा पण गुन्हा आहे. स्वतःचं पोलीस व्हेरिफिकेशन करून ठेव, कुणी मागितलं नाही तरी. पालकांना स्वतःहून दाखव.

कोरेगावच्या शेतात स्वतःचं रायडिंग स्कूल काढायचं म्हणतेस, त्याला माझी ना नाही, विहिरीच्या वरचा तुकडा आहे तो सपाट आहे आणि निचरा पण चांगला आहे. पण ते नंतर. तिथं घोडे आणायचे म्हणजे ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची टेस्ट आली, तो रोग माणसाला पण होतो आणि घोडा पॉझिटिव्ह निघाला तर मारावाच लागतो, इलाज करत बसायला कायदा परवानगी देत नाही. धनुर्वाताची लस, नालबंद वेळेवर, उन्हाळ्यात दुपारी काम बंद, हे सगळं खर्चाच्या वहीत आधी मांडायचं आणि मग फी ठरवायची. लोक उलटं करतात, फी कमी ठेवतात आणि मग घोड्याच्या चंदीत काटछाट करतात. उपाशी, दमलेला घोडा शिकाऊ पोराखाली देणं यासारखं पाप नाही. तू आपल्या घरात असं होऊ देणार नाहीस हे मला माहितीये.

पैशाचं टेन्शन घेऊ नको. पेन्शनमधनं थोडे बाजूला पडलेत आणि सोसायटीची एफडी पुढच्या महिन्यात सुटतेय, पहिल्या स्टेजचं आणि फर्स्ट एडचं त्यात भागेल, बाकीचं तुझ्या पगारातून हळूहळू. आई म्हणतेय गौरी-गणपतीला ये, तेव्हा ते ऑफर लेटर घेऊन ये म्हणजे समोर बसून वाचू, पण तोपर्यंत थांबणार नसतील तर उद्या सकाळीच फोटो पाठव आणि मला दहाच्या आत फोन कर, दहानंतर मी बँकेत असेन. त्या असिस्टंटच्या पगाराचं पण विचारून ठेव.

तुझे,
पप्पा